जवळचा भविष्यकाळ

तामसी,
१८ जून १९५६

चि. शकूस,

कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या होत्या आणि तुझे बाबा टोपलीवर ओलं फडकं टाकत होते. मी मेथीचं बी निवडत बसले होते. बियांची पुडी आदिलाबादच्या दुकानातली, छापील कागदाची. मी ती जमिनीवर सपाट केली आणि बोट ठेवून वाचलं, "बी टाकल्यावर आठ दिवसांनी". तेव्हा मला जोडाक्षरं नुकतीच जमू लागली होती. तुझे बाबा म्हणाले, "आठ दिवसांनी काय?" कागद तिथंच फाटला होता. मी म्हटलं, "पुढं नाही." ते म्हणाले, "मंग तूच सांग. एवढं वाचते त पुढचं बी सांग." मी म्हटलं, "उगवते." ते म्हणाले, "हे त मले बिनवाचता येत होतं," आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला गेले. संध्याकाळी परत आले. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

काही न झालेले असेच दिवस मला आठवतात. हिवतापानं ते गेले त्या दिवसाची सकाळ मात्र किती प्रयत्न केला तरी आठवत नाही. आठ वर्षं झाली.

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. तुझ्या प्रयागआत्याचं बाळंतपण करायला म्हणून तिच्याकडे गेलीस, त्याला दहा महिने झाले. बाळ रांगायला लागलं, आतोबांच्या तारखात्यातलं काम ठीक आहे, एवढं समजलं. मी ते पत्र नेहमीप्रमाणे ओट्यावर मोठ्यानं वाचलं. या बोळीत वाचता येणारी बाई मी एकटीच, म्हणून सगळ्यांची पत्रं माझ्याकडे येतात. सगळ्यांची घरं मी ऐकते, तर माझं घर त्यांनी ऐकू नये असं कसं चालेल? सोनाबाई म्हणाली, "एवढ्या दुरून टिकिट लावून पाचच ओळी? तुही पोरगी लई कंजूष, बाई."

तू शेजारच्या मादामबाईंकडे फ्रेंच शिकतेस असं त्यात आहे. ते धडे मलाही पाठव. घरात वाचायला एक जुनं पंचांग उरलं आहे, आणि त्यातले सण होऊन गेले.

किनवटहून एक स्थळ आलं आहे. चौकशी करून लिहीन.

तुझी आई


पाँडिचेरी,
३ जुलै १९५६

तीर्थरूप आईस नमस्कार,

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. बाबांचं ऐकून ती हसली आणि मग डोळे पुसत बसली.

मादाम रोझाली इथल्याच, तामीळ ख्रिस्ती. त्यांनाही यजमान नाहीत. बाळंतपणाच्या दवाखान्यात चाळीस वर्षं सुईण होत्या. दोन वर्षांपूर्वी इथला फ्रेंचांचा झेंडा उतरून आपला चढला, पण त्या दवाखान्यात सुईणींचा वर्ग अजून फ्रेंचमध्येच चालतो. मादामना मी विचारलं, माझ्या आईला पत्रानं शिकवू का? त्या म्हणाल्या, शिकवलंस तरच तुला येईल.

तर पहिला धडा. फ्रेंचमध्ये भविष्यकाळ दोन. एक लांबचा, कधीतरी होईल तो. दुसरा जवळचा, आता होणारच आहे तो. जवळच्यासाठी 'जाणे' हे क्रियापद आधी लावायचं आणि जे काम करायचं ते त्याच्या मागे जसंच्या तसं ठेवायचं. माणूस बदलला की 'जाणे' बदलतं, काम बदलत नाही.

मी – ज व्हे
तू – त्यू व्हा
ती – एल व्हा
आम्ही – नूझालों
तुम्ही – वूझाले
त्या – एल व्हों

'आरोझे' म्हणजे झाडांना पाणी देणं. ज व्हे आरोझे, मी पाणी देणार आहे. तसंच 'लाव्हे' म्हणजे धुणं आणि 'मांजे' म्हणजे जेवणं. तिन्ही क्रियापदं सहाही माणसांसाठी लिहून पाठव. मादाम तपासणार आहेत.

स्थळाचं तू ठरवशील तसं.

तुझी शकू


तामसी,
२४ जुलै १९५६

चि. शकूस,

सोबत अठरा वाक्यं आहेत. बोरूनं रेघा मारून सहा घरं केली आणि रोज भाजी बांधून झाल्यावर तीन-तीन भरली. चुका असतील त्या दाखव.

पत्र ओट्यावर वाचलं तेव्हा धडाही वाचला. मला वाटलं बाया उठून जातील. उलट सगळ्या बसल्या. मी म्हणायचं आणि त्यांनी मागून म्हणायचं, असं सुरू झालं. 'नूझालों मांजे' गयाबाईला फार आवडलं. सत्तरीच्या बाईला दात चार, तरी अगदी ठसक्यात म्हणते. सोनाबाईनं अर्थ विचारला. सांगितला, की प्रत्येक कामाआधी ते लोक 'जातो' म्हणतात. ती म्हणाली, "बसल्या जागी जेवाले जाऊन राह्यले कुठं मेले? आमी त घरातून निंघताना बी येतो म्हनतो." मग म्हणाली, "रेणुका, हे शिकून तुही वांगी म्हागात जातील का?" मी म्हटलं, वांगी तीच राहतील. ती म्हणाली, "मंग काऊन शिकून राह्यली?" 

याचं उत्तर नंतर सुचलं ते तुला लिहिते. तुझे बाबा गेल्यापासून मी लांबचा काळ वापरलेला नाही. पाणी देणार आहे, फडकं भिजवणार आहे, बाजाराला निघणार आहे, इथपर्यंतच माझं बोलणं. त्या लोकांनी याच्यासाठी वेगळी रीत ठेवली आहे हे वाचून बरं वाटलं.

आता स्थळाचं. बाबाराव म्हणून किनवटला पानमळेवाले आहेत. त्यांचा मधला मुलगा वामन, मराठी शाळेत मास्तर आहे. वय चोवीस. व्यसन नाही. घरी सासू आहे, पण मवाळ आहे म्हणतात. माणसं चांगली आहेत.

आणि माझं खरं कारण. तहसीलमध्ये सगळे सांगतात की नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्य मोडणार. किनवट मुंबई राज्यात जाणार, आपण तेलंगी भाषेच्या राज्यात राहणार. पटवाऱ्याचे कागद, शाळा, मोटारीवरची पाटी, सगळं तेलंगीत होईल. निजामाच्या वेळी दफ्तर उर्दूत होतं, तेव्हा मी अंगठा देत होते. मग मराठी आली आणि पोलीस पाटलाच्या कागदावर मी सही केली. आता पुन्हा अंगठा. माझं चालून जाईल. तुझ्या आयुष्यात तसं होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात आहे. किनवट काही लांब नाही. आदिलाबादहून गाडी आहे. सणाला मी येत जाईन.

मला चौदा वर्षं संसार मिळाला. ती चौदा वर्षं चांगली गेली. तुलाही तसंच मिळावं.

तुझी आई


पाँडिचेरी,
९ ऑगस्ट १९५६

तीर्थरूप आईस नमस्कार,

तुझी अठराच्या अठरा बरोबर आली. मादामनी वर लाल शाईनं 'त्रे बियाँ' लिहिलं, म्हणजे फार छान. तो कागद त्यांनी ठेवून घेतला आहे. 'नूझालों' म्हणणाऱ्या गयाबाईंबद्दल त्यांनी दोनदा विचारलं. त्या सुईण आहेत असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, मग आमची ओळख आहेच.

मागच्या आठवड्यात मादामबरोबर दवाखान्यात गेले होते. एका कोळणीचं बाळ पोटात आडवं होतं. मादामनी बाहेरून दोन्ही हात ठेवले आणि हळूहळू त्याचं डोकं खाली आणलं. घाई नाही, जोर नाही. मला म्हणाल्या, हात ठेव. आई, माझ्या हाताखाली ते वळलं. दुपारी मुलगी झाली. त्या कोळणीची भाषा मला येत नाही आणि तिला माझी, पण तिनं माझं बोट धरून ठेवलं होतं.

नवीन वर्ग जानेवारीत सुरू होणार आहे. दोन वर्षांचा असतो. राहणं आत्याकडे करता येतं. मादाम म्हणतात माझा हात स्थिर आहे. हे सहज लिहिलं.

मास्तरांबद्दल लिहिलंस ते वाचलं. चांगले असतील.

या वेळची क्रियापदं: दॉर्मीर, झोपणं. व्हाँद्र, विकणं. शाँते, गाणं.

तुझी शकू


तामसी,
१६ सप्टेंबर १९५६

चि. शकूस,

पितृपक्षाच्या आधी करायचं म्हणून घाई झाली. परवा सुपारी फुटली.

बाबाराव, त्यांची बायको, मुलगा आणि एक मामा असे चौघं आले होते. आपल्याकडून तुझे चुलते डोमाजी भावजी पाटावर बसले. मला दाराआड उभं राहायचं होतं, राहिले. शुभकार्यात माझी जागा तीच, त्याची आता सवय आहे. फटीतून जेवढं दिसलं तेवढं लिहिते.

बाबाराव मोठ्यानं बोलणारे, हसरे. म्हणाले, "डोमाजी, पोरगी त समिंदरापाशी जाऊन बसली. दाखवाची कशी?" भावजी म्हणाले, "तिच्या मायले पाहा. तसंच नाक हाय." सगळे हसले. मी आत आणखी मागे सरकले.  निघताना वामनमास्तरांनी भावजींना विचारलं, "त्यांना वाचायला आवडतं का?" भावजी म्हणाले, "आमच्या घरात बाया वाचतात आनि मानसं ऐकतात." मास्तर म्हणाले, "मग बरं." हे मला आवडलं. तुलाही आवडेल.

मग सुपारी फोडली, वाटली. त्यांनी तुझ्यासाठी मोरपंखी साडी आणि नारळ ठेवला आहे. मी ती साडी ट्रंकेत वर ठेवली आहे, खाली नाही, म्हणजे घडी मोडायची नाही.

लग्न मार्गशीर्षात. दिवाळी झाली की आतोबांनी रजा काढून तुला आणून सोडावं असं मी प्रयागला वेगळं लिहिलं आहे.

त्या वर्गाचं वाचलं. चांगली गोष्ट आहे, पण आपल्याकडे सुईण व्हायला फ्रेंच लागत नाही. गयाबाई पन्नास वर्षं करते आहे. इथं आलीस की तिच्याबरोबर जात जा.

वाक्यं सोबत आहेत. या वेळी 'व्हाँद्र' मला जड गेलं, कारण विकताना मी बोलत नाही, गिऱ्हाईकच बोलतं.

तुझी आई


पाँडिचेरी,
२६ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप आईस नमस्कार,

पत्राला उशीर झाला. बाळाला गोवर होता, आता बरं आहे. आत्या-आतोबा मजेत. साडीचा रंग छान असेल. दिवाळीचा तुला आणि सगळ्या बायांना नमस्कार.

धडा वेगळ्या कागदावर आहे. तो सावकाश कर.

तुझी शकू

(वेगळा कागद)

नकार. 'जाणे'च्या आधी 'न' आणि मागे 'पा' लावायचा. 'राँत्रे' म्हणजे घरी परत येणं.

ज न व्हे पा राँत्रे. मी परत येणार नाही.
ज व्हे रेस्ते. मी राहणार आहे.
ज व्हे आप्राँद्र. मी शिकणार आहे.

पहिलं वाक्य सहाही माणसांसाठी लिहायचं.


तामसी,
८ नोव्हेंबर १९५६

चि. शकूस,

हे पत्र मी ओट्यावर बसून लिहीत नाही. आत बसून, दार लावून लिहिते आहे.

एक तारखेला राज्य बदललं. बदललं म्हणजे सकाळी चावडीवर महसुलाचा गिरदावर आला, काही वाचून दाखवलं, पेढे वाटले. मी पाणी देऊन आले तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवाळी. किनवट आता परराज्य आहे असं सोनाबाई ज्याला त्याला सांगत होती, जणू तिनंच दिलं.

तुझं पत्र पाच तारखेला आलं. चार ओळींचं म्हणून बाया हिरमुसल्या. मी म्हटलं, थांबा, धडा आहे. त्या खूश झाल्या. मीही खूश झाले. खरं ते लिहिते, शकू. मी तो कागद उघडला, तीन ओळी वाचल्या, आणि मला काही कळलं नाही. धडा म्हणजे धडा. पुस्तकात 'राजा मेला' असं असतं म्हणून कोणी सुतक पाळत नाही.

मी म्हटलं, "ज न व्हे पा राँत्रे." त्यांनी म्हटलं. अर्थ सांगितला, मी परत येणार नाही. मग दुसरं वाक्य, तू परत येणार नाहीस. सोनाबाई म्हणाली, "कुठून? आमी गेलोच कुठं त परत येऊ?" सगळ्या हसल्या. मग मी म्हटलं, "एल न व्हा पा राँत्रे. ती परत येणार नाही."

गयाबाई मागून म्हणाली नाही. तिनं विचारलं, "कोन?"

मी म्हटलं, "कोणी नाही गयाबाई. ती. धडा आहे."

"धडा असंल. लिवला कोनं?"

"शकूनं."

"मंग शकू नाई येनार."

मी म्हटलं, "असं नसतं. वाक्यं असतात ही. मागच्या वेळी गाणं होतं, झोपणं होतं."

ती म्हणाली, "तू वाचून राह्यली, रेणुका. आमी ऐकून राह्यलो. पोरगी सांगून राह्यली तुले."

 मी कागद पुन्हा पाहिला. मग आत जाऊन तुझं ऑगस्टचं पत्र काढलं आणि तिथं उभ्यानंच वाचलं, त्यांना ऐकू जाईल असं. कोळणीचं बाळ, हाताखाली वळलं ते, दोन वर्षांचा वर्ग. 'हे सहज लिहिलं' इथपर्यंत आले आणि थांबले. ऑगस्टमध्ये हेच मी याच बायांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो होतो, शकूचं धाडस पाहा. आणि मी लगेच पुढच्या क्रियापदांना लागले होते.

गयाबाई म्हणाली, "मले आडवं लेकरू वळवता येत नाई. कोनी शिकवलंच नाई. सोनाबाईची सून माह्याच हातात गेली."

सोनाबाई तिथंच बसली होती. चार वर्षांत ही गोष्ट तिच्यासमोर कोणी काढली नव्हती. मला वाटलं आता भांडण होणार.  ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "तुह्या हातात गेली म्हनून मी तुले कधी बोलली का गयाबाई?" गयाबाई म्हणाली, "नाई बोलली. तेच लागते मले."

मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मला सरळ का नाही लिहिलंस, असं पहिलं मनात आलं. मग विचार केला, सरळ लिहिलं असतंस तर मी ते ओट्यावर वाचलं असतं, डोमाजी भावजींपर्यंत संध्याकाळी गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते तुला आणायला निघाले असते. धडा तेवढा मी एकटीनं घरी रेघा मारून करते, हे तुला माहीत होतं. तोही मी ओट्यावर नेते हे मीच तुला लिहिलं होतं, पण बहुधा तुला दुसरी जागा उरली नव्हती.

आणि मला वाईट कशाचं वाटलं तेही लिहिते. वामनमास्तर वाईट नाहीत. मी तुझ्यासाठी शोधलं ते चांगलं होतं. किनवटच्या गाडीतून मी सणाला येणार, तू दारात उभी असणार, नातवंडं मराठीत बोलणार, हे सगळं मी मनात इतक्यांदा केलं होतं की ते होऊन गेल्यासारखं वाटत होतं. तो लांबचा काळ होता आणि मी तो जवळचा समजले. माझी चौदा वर्षं चांगली गेली, ती मला मिळालेल्या माणसामुळे. तुला कुठल्याही दारात उभं केलं की ती आपोआप सुरू होतील, असं थोडंच आहे.

तिन्हीसांजेला भावजींकडे गेले. ते बैलांना कडबा टाकत होते. मी सांगितलं, सुपारी परत करायची आहे. ते आधी समजलेच नाहीत. मग म्हणाले, "वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? सुपारी मी फोडली. मोडनारी तू कोन?"

मी म्हटलं, "भावजी, सुपारी तुमची, पोरगी माझी."

"लोक तोंडात शेन घालतील. पुन्हा या दारात कोनी सुपारी आनन का?"

"नाही आणणार. एकच पोरगी आहे. सुपारी लागलीच तर तिची ती पाहील."

"माहा अमृतभाऊ असता त असं होऊ देल्लं असतं का त्यानं?"

हे मला माहीत नाही. तुझ्या बाबांनी काय केलं असतं हे मी आठ वर्षं दर गोष्टीत विचारते आणि दर वेळी उत्तर माझंच निघतं. भावजींना एवढंच म्हटलं की तुम्ही येऊ नका, तुमची मान खाली जायला नको, मी जाते. ते म्हणाले, "बाईमानूस, त्यात तू अशी. सोयऱ्याच्या दारी सुपारी फिरवाले जाशील? कोनी आत घेईल तुले?" मी म्हटलं, नाही घेतलं तर अंगणात उभी राहीन. ते पुन्हा कडब्याकडे वळले. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "मोटार साताले येते. उशीर नको करू."

वर्गाची अर्जी भर. त्यावर पालकाची सही लागत असेल तर कागद इकडे पाठव. मी मराठीत करीन. तिथं चालत नसेल तर मादामना विचारून माझं नाव फ्रेंच अक्षरांत कसं लिहितात ते कळव, मी ते गिरवीन. आतोबांनी रजा काढू नये.

हे सगळं पाच तारखेचं. दुसऱ्या दिवशी मी सातच्या मोटारीनं आदिलाबादला गेले, तिथून किनवटची गाडी धरली, आणि बाबारावांच्या घरात पुढच्या दारानं जाऊन साडी आणि नारळ वामनमास्तरांच्या हातात परत दिला.

तुझी आई